फुल माउथ केसेससाठी डिजिटल लॅब: सव्वा वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि फुल माउथ रिहॅबिलिटेशनच्या, म्हणजे सबंध तोंडातले दात नव्याने उभारण्याच्या, सर्व केसेस मी गेले सव्वा वर्ष पुण्यातील कृत्रिम दात बनवणाऱ्या एका मोठ्या डिजिटल लॅबकडे पाठवत आहे. एकेरी क्राउन (दातावरची टोपी) आणि छोटे ब्रिज मात्र अजूनही जवळच्या जुन्या लॅबकडेच जातात, कारण त्या कामात तिथे काहीही कमी पडत नाही. पुण्याच्या लॅबचा प्रति युनिट दर जुन्या लॅबच्या जवळजवळ दीडपट आहे. एका जबड्यात बारा-चौदा युनिट धरली, तर ही तफावत रुग्णाच्या बिलात ठळकपणे दिसते आणि तिचे समर्थन रुग्णासमोर मलाच करावे लागते. म्हणून हा दर योग्य आहे का, हे मी केवळ दातांच्या देखणेपणावरून ठरवू शकत नाही.

देखणेपणाबद्दल थोडक्यात सांगते. शेड चांगली जुळते, पुढच्या दातांची कड आणि पोत नैसर्गिक दिसतो, क्राउनच्या कडा (मार्जिन) नीट बसतात. मागच्या दाढांसाठी जास्त ताकदीचा झिरकोनिया (दातांसाठीचे कठीण सिरॅमिक) आणि पुढे अधिक पारदर्शक प्रकार ही निवड ते स्वतःहून विचारून करतात. संपर्काच्या जागी ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) न लावता झिरकोनिया आरशासारखा पॉलिश करून द्यावा, असे मी दरवेळी लिहिते आणि ते पाळले जाते. समोरच्या दाताची झीज त्यामुळे कमी होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कुरिअरच्या डब्यात एकदा खालच्या मॉडेलचा तुकडा पडला होता, पण त्याची भरपाई त्यांनी विनातक्रार केली. या सगळ्यावर याहून अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

माझा सगळा जोर आहे तो आर्टिक्युलेटरच्या, म्हणजे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्राच्या, इन्सायझल पिनवर; वरच्या-खालच्या मॉडेलमधले अंतर ही पुढची पिन धरून ठेवते. फुल माउथमध्ये लॅबची खरी परीक्षा तिथेच होते, आणि या लॅबबद्दलचे माझे मत दोनदा बदलले ते या पिनमुळेच.

आपल्या भागात वर्षानुवर्षे सुपारी चघळून दात सपाट झालेले रुग्ण मोठ्या संख्येने येतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी त्याआधीच्या आणि त्यानंतरच्याही सवयींचे परिणाम तोंडात दिसत राहतात. झिजलेल्या दातांचे टर्नर आणि मिसिर्लियन यांनी १९८४ मध्ये केलेले तीन गट आपण सर्वांनी शिकलेले आहेत: चाव्याची उंची (दात मिटल्यावर वरच्या-खालच्या जबड्यांमधले अंतर) खरोखर कमी झालेले, उंची टिकून असूनही जागा उपलब्ध असलेले, आणि उंची टिकून असून जागाच नसलेले. रुग्ण कोणत्या गटातला आहे आणि त्याची उंची किती वाढवायची, हा निर्णय पूर्णपणे दंतवैद्याचा असतो. जबडा सैल असतानाची २ ते ४ मिलिमीटरची मोकळी जागा, चेहऱ्याची ठेवण, सांध्याची स्थिती आणि उच्चार हे सगळे पाहून तो घ्यावा लागतो. मी उच्चार तपासताना रुग्णाला साठपासून पुढे आकडे म्हणायला सांगते. एकसष्ट, बासष्ट करत सदुसष्ट, अडुसष्टपर्यंत पोहोचेतो मागचे दात एकमेकांना लागत असतील, तर उंची जास्त झाली आहे हे खुर्चीत बसल्या जागी कळते. असे ठरवलेले माप रुग्ण मिल केलेल्या (यंत्रावर कोरलेल्या) पीएमएमएच्या, म्हणजे अॅक्रिलिकच्या, तात्पुरत्या दातांवर काही आठवडे वापरून पाहतो, त्यावर जेवतो, झोपतो, बोलतो, आणि ते सुखाचे ठरले की मगच अंतिम दातांचे काम सुरू होते.

हे माप लॅबमध्ये जपते ती पिन. खालचा जबडा सांध्याभोवती फिरतो. दाराची बिजागरीजवळची बाजू थोडी सरकते तेव्हा कडीकडची बाजू बरीच सरकलेली असते, तसेच मागे दाढांपाशी १ मिलिमीटर उंची वाढली तर पुढे ती साधारण दुप्पट ते तिप्पट होते. शिवाय आर्टिक्युलेटरवर पिन वर-खाली करून मिळालेली उंची खरी ठरण्यासाठी मॉडेलचे सांध्यापासूनचे अंतर रुग्णाच्या तोंडातल्यासारखेच असावे लागते. त्यासाठी आपण फेसबो, म्हणजे सांध्याच्या तुलनेत वरच्या जबड्याची जागा नोंदवणारे साधन, वापरतो. फेसबो न वापरता सरासरी मापावर, म्हणजे बॉनविलच्या चार इंची त्रिकोणावर (दोन्ही सांधे आणि खालचे पुढचे दात यांमधल्या सरासरी अंतरावर) मॉडेल बसवली असतील, तर पिन हलवताच चाव्याचा कंस बदलतो आणि यंत्रावर अचूक दिसणारे संपर्क तोंडात भलत्याच जागी येतात. म्हणून ज्या उंचीवर बाईट (वरचे-खालचे जबडे कसे जुळतात याची नोंद) घेतला, त्याच उंचीवर काम पूर्ण झाले पाहिजे आणि पिन शून्यावरून हलता कामा नये, एवढा एकच नियम मी प्रत्येक लॅब स्लिपवर सर्वात वर लिहिते.

सुरुवातीच्या काळात या लॅबने हा नियम इतक्या निष्ठेने पाळला की मला त्याचे आश्चर्य वाटले. मॉडेल माउंट झाल्यावर, म्हणजे आर्टिक्युलेटरवर बसवल्यावर, वॅक्स-अपला (मेणात दात घडवण्याला) हात लावण्यापूर्वी ते पिनचा आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवत. मी होकार दिल्याशिवाय पुढचे काम होत नसे. पुढच्या दातांचे मार्गदर्शन, म्हणजे ज्या उतारावरून जबडा पुढे-बाजूला सरकतो तो उतार, तात्पुरत्या दातांवर निश्चित झाले की त्या मॉडेलवरून पिनखाली रेझिनचे खास इन्सायझल टेबल तयार करून तोच उतार अंतिम दातांत आणणे हे काम पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते, पण ते न सांगता करणारी लॅब मला यापूर्वी भेटली नव्हती. त्या काळात कोणी विचारले असते, तर दीडपट दर बिनतक्रार द्यावा असेच मी सांगितले असते.

त्यानंतर लॅबने फुल माउथचे काम बहुतांशी संगणकावर नेले. एका निवृत्त एसटी वाहकांची केस त्या बदलानंतरच्या पहिल्या केसेसपैकी होती. पीएमएमएच्या दातांवर ते पूर्ण समाधानी होते. त्या दातांचे स्कॅन, फेसबोची नोंद, सेंट्रिक रिलेशनमधील (सांधा आपल्या स्थिर जागी असतानाचा) बाईट आणि वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्यांमधील १७ मिलिमीटर हे अंतर, असे सर्व काही मी पाठवले होते. ग्लेझपूर्व ट्रायलसाठी झिरकोनियाचे दात आले, दिसायला अत्यंत सुंदर होते आणि प्रत्येक क्राउन आपापल्या जागी नीट बसला. परंतु रुग्णाने आकडे म्हणायला सुरुवात करताच दाढा आपटू लागल्या. व्हर्नियरने मोजले, तर हिरड्यांमधील अंतर १८ मिलिमीटरच्या वर गेले होते. खालची कमान, म्हणजे खालच्या दातांची रांग, तात्पुरत्या दातांची तंतोतंत नक्कल होती. वाढलेली सगळी उंची वरच्या कमानीत होती.

लॅबचे पहिले उत्तर असे होते की माझा स्कॅन केलेला बाईट उघडा राहिला असावा आणि वरची कमान पुन्हा करायची तर निम्मा खर्च मी सोसावा. हे मला मान्य नव्हते. बाईट स्कॅन झाल्यावर लगेच मी ८ मायक्रॉनची शिमस्टॉक पट्टी दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये धरून पाहिली होती, ती ओढून निघत नव्हती, आणि स्कॅनमधील संपर्क त्याच जागी उमटलेले होते. मी एकच मागणी लावून धरली, की डिझाइनची मूळ फाइल माझ्यासमोर उघडावी. बरीच टोलवाटोलवी झाल्यावर त्यांनी व्हिडिओ कॉलवर ती उघडली. संगणकातील आर्टिक्युलेटरची पिन १.५ मिलिमीटरवर होती. वरच्या दुसऱ्या दाढेला झिरकोनियाच्या जाडीसाठी जागा कमी पडत होती, म्हणून डिझाइन करणाऱ्या तरुणाने पिन उचलून मागे अर्धा-पाऊण मिलिमीटर मिळवला होता आणि त्याविषयी कोणालाही सांगितले नव्हते.

या एका कृतीचा मला आजही राग आहे. एका दाढेला जागा कमी होती, तर मला फोन करायला हवा होता. रिडक्शन कोपिंग (दात नेमका कुठे व किती घासायचा हे दाखवणारी टोपी) पाठवले असते, तर त्या एका दाताचा तेवढाच भाग मी एका बैठकीत कमी करून दिला असता. त्याऐवजी ज्या उंचीवर रुग्णाने आठवडेच्या आठवडे खाऊन-बोलून आपला होकार दिला होता, ती उंची ज्याने रुग्णाला कधी पाहिलेही नाही अशा माणसाने माउसच्या एका हालचालीने रद्द केली. पीएमएमएवर चूक झाली तर भर घालता येते. झिरकोनिया मात्र भट्टीत सुमारे एक पंचमांश आकसून कायमचा घट्ट होतो, त्यानंतर त्यात भर घालता येत नाही, आणि घासून घासून इतकी उंची काढायची तर दाढांचा आकार व जाडी दोन्ही गमवावी लागते. डिझाइनच्या टप्प्यावरची चूक म्हणूनच सर्वात महाग पडते. लॅबने शेवटी वरची कमान विनामूल्य करून दिली. खुर्चीचा गेलेला वेळ, पुन्हा द्यावी लागलेली भूल आणि रुग्णाच्या वाढलेल्या खेपा यांची भरपाई मात्र कोणी केली नाही, आणि जवळपास सर्वच लॅबच्या रिमेकच्या (काम पुन्हा करून देण्याच्या) अटींत ती धरलेलीही नसते.

त्यावेळी मी ही लॅब सोडण्याचे ठरवले होते. हातातील एक केस तेवढी तिथे अर्धवट होती, म्हणून ती पूर्ण होऊ द्यावी असा विचार केला, आणि त्याच केसमध्ये मॉडेल विभागातील ज्येष्ठ तंत्रज्ञांचा फोन आला. मी सेंट्रिकचे दोन वेगवेगळे बाईट पाठवले होते. त्यांनी पहिल्या बाईटवर मॉडेल माउंट केले, दुसऱ्या बाईटवर स्प्लिट-कास्ट पद्धतीने (मॉडेल माउंटिंगपासून सुटे करून पुन्हा फट न राहता बसते का, हे पाहून) पडताळणी केली, आणि मॉडेल व माउंटिंगमध्ये फट दिसताच काम थांबवले. ते म्हणाले, “मॅडम, दोन्ही बाईट एकमेकांशी जुळत नाहीत. यातला कोणता खरा, हे मी इथे बसून ठरवणे बरोबर नाही.” रुग्णाचे जबड्याचे स्नायू अजून सैल झालेले नव्हते, हा त्याचा अर्थ होता. रुग्णाला काही आठवडे स्प्लिंट (स्नायू सैल होण्यासाठी दातांवर बसवायचे साधन) दिला, मग लीफ गेजवर (पुढच्या दातांत धरायच्या पातळ पट्ट्यांवर) पुन्हा बाईट घेतले आणि ते जुळले. हा फोन आला नसता, तर कोणत्याही एका बाईटवर सबंध तोंडाचे काम झाले असते आणि सांध्याचा त्रास घेऊन रुग्ण माझ्या दारात उभा राहिला असता. मी लॅब सोडली नाही, ती या माणसामुळे.

त्यानंतर आमच्यात काही गोष्टी लेखी ठरल्या. संगणकीय डिझाइनच्या मंजुरीसाठी येणाऱ्या चित्रांमध्ये पिनचा आकडा दिसणारे चित्र असलेच पाहिजे, आणि जागा कमी पडल्यास काम थांबवून फोन करायचा. फुल माउथ आता मी एकदम करत नाही. एका बाजूचे तात्पुरते दात तोंडातच ठेवून दुसऱ्या बाजूचा बाईट त्याच उंचीवर घेते, म्हणजे चाव्याचा आधार कधीच पूर्णपणे सुटत नाही. यात लॅबला क्रॉस-माउंटिंगचे (तात्पुरत्या दातांची आणि घासलेल्या दातांची मॉडेल आलटून-पालटून जुळवण्याचे) काम वाढते आणि त्यासाठी ते थोडे जास्त पैसे लावतात. ते मी आनंदाने देते, कारण एका रिमेकमध्ये यापेक्षा कितीतरी जास्त जातात. ज्यांचे तोंड सबम्यूकस फायब्रोसिसमुळे (सुपारीमुळे तोंडाचे आतले अस्तर कडक होण्याच्या आजारामुळे) पुरेसे उघडत नाही आणि स्कॅनरचे टोक दुसऱ्या दाढेच्या मागे पोहोचत नाही, त्यांच्यासाठी इम्प्रेशन आणि प्लास्टर मॉडेलचाच मार्ग ठेवला आहे. ते काम थेट त्या ज्येष्ठ तंत्रज्ञांकडे जाते, आणि खरे सांगायचे तर लॅबचे सर्वात चांगले काम मला त्याच मार्गाने मिळते.

दराविषयी माझे आजचे मत असे आहे. केवळ डिजिटल काम, सुंदर शेड आणि जलद डिलिव्हरी यांसाठी दीडपट दर देणे मला पटत नाही, त्या गोष्टी त्याहून कमी दरात देणाऱ्या लॅब आता लहान शहरांतही आहेत. माउंटिंग पडताळणारा आणि शंका आल्यावर काम थांबवणारा माणूस तिथे असेपर्यंत हा दर वाजवी आहे. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कोण येणार, हे मी लॅबला दोनदा विचारले असून त्यावर अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. नवी लॅब निवडताना सहकाऱ्यांनी नमुन्याचे क्राउन मागवण्याआधी एक जुनी फुल माउथ केस दोन बाईटसह पाठवून केवळ माउंटिंग करून मागावे आणि फोटोत पिन कुठे आहे ते पाहावे, असे मी सुचवेन. त्याचा खर्च किरकोळ असतो. वाहकांची केस नव्या वरच्या कमानीसह स्थिरावली आहे, हिरड्यांमधील अंतर पुन्हा १७ मिलिमीटर आहे आणि त्यांना रात्री लावण्यासाठी कडक अॅक्रिलिकचा नाइट गार्ड दिला आहे. तो मात्र जुन्या लॅबकडून करून घेतला, कारण पुण्याच्या लॅबने त्याचा सांगितलेला दर मला अवाजवी वाटला.