कार्बन कर की उत्सर्जन परवाने?

हवामानबदलाचं विज्ञान पटलेल्या मैत्रिणीचा प्रश्न: धोरण कोणतं मागायचं?

करात हवेत सोडलेल्या दर टन कार्बनमागे किती पैसे भरायचे, तो दर सरकार ठरवतं, त्यामुळे कारखान्यांना पुढचा हिशेब मांडता येतो. उत्सर्जन किती घटेल, याची मात्र हमी नाही. परवान्यांत सरकार एकूण उत्सर्जनाची मर्यादा ठरवून तेवढेच परवाने काढतं आणि कारखाने ते आपसांत विकतात-घेतात; म्हणजे मर्यादा पक्की, भाव बेभरवशाचा. युरोपीय संघाने २००५मध्ये हा बाजार सुरू केला. २००८च्या मंदीनंतर परवाने उदंड झाले, भाव कोसळले आणि प्रदूषण आवरण्याची निकडच सरली. हे मला फार गंभीर वाटतं.

राबवायला कर सोपा. स्वीडनमध्ये तो १९९१पासून आहे. पण लोक भडकू शकतात: फ्रान्सने २०१८मध्ये आंदोलनापुढे इंधनकराची वाढ मागे घेतली.

यंत्रणा तोकडी असेल तिथे करच बरा, वसुली नागरिकांना परत देऊन. मोजके मोठे उत्सर्जक आणि चोख मोजणी असेल, तर परवाने. तेही किमान भाव बांधूनच.