एन-एट-एनची व्हेरिएबल्स: एपीआयने रोजचा दर बदलायचा असेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा उरकला की एकच आकडा दहा ठिकाणी लागतो. शेतकऱ्यांना जाणाऱ्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये, बाहेरगावच्या खरेदीदाराच्या कोटेशनमध्ये, मालकाच्या संध्याकाळच्या गोषवाऱ्यात. ही कामं एन-एट-एन या कामं आपोआप करून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर बसवली आणि दर मात्र प्रत्येक वर्कफ्लोत, म्हणजे कामांच्या साखळीत, वेगळा टाइप केला, तर कुठेतरी कालचा आकडा राहणारच. यावर एन-एट-एनचा उपाय म्हणजे व्हेरिएबल्स. किंमत एका जागी लिहायची, सगळ्या वर्कफ्लोंनी तिथूनच वाचायची, आणि बदलायची वेळ आली की बाहेरून एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला पाठवलेल्या कॉलने, बदलायची. सोय चांगली आहे. मात्र ती दुकानातल्या फळ्यासारखी वापरावी लागते: लिहिणारा एकच, वाचणारे कितीही, आणि पुसणं दिवसातून एक-दोनदा. याच्या पुढे ताणली की ती दगा देते.

आधी पैशाचं बोलू, कारण बऱ्याच जणांचा विषय तिथेच संपतो. फुकट मिळणाऱ्या कम्युनिटी आवृत्तीत व्हेरिएबल्स नाहीत. क्लाउडवर घेतलं तर प्रो किंवा त्यावरचा प्लॅन लागतो, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं तर पैसे भरून लायसन्स. क्लाउडच्या फुकट ट्रायलमध्ये एपीआयच बंद असतो, त्यामुळे 'आठ दिवस वापरून बघू, मग ठरवू' हा मार्ग नाही. लायसन्स नसताना व्हेरिएबल्सचा कॉल केला की ४०३ हा नकाराचा कोड येतो. एपीआयची किल्ली, म्हणजे कॉलबरोबर जाणारा पासवर्डसारखा मजकूर, चुकली असेल समजून लोक तासभर नव्या किल्ल्या काढत बसतात. चुकीच्या किंवा मुदत संपलेल्या किल्लीला ४०१ येतो. हा फरक लक्षात असला तर तो तास वाचतो.

किल्ली सेटिंग्जमध्ये 'एन-एट-एन एपीआय' या पानावर निघते. तिला नाव आणि मुदत द्यायची, आणि दिसेल तेव्हाच कॉपी करून घ्यायची, पूर्ण किल्ली पुन्हा दिसत नाही. कॉलमध्ये ती 'एक्स-एन-एट-एन-एपीआय-की' या नावाच्या हेडरमध्ये जाते. पत्ता सोपा आहे: सर्व्हरच्या पत्त्यापुढे एपीआय, मग व्ही-वन, मग व्हेरिएबल्स. स्वतःच्या सर्व्हरवर पोर्ट मुद्दाम बदललेला नसेल तर तो ५६७८. एन-एट-एनमध्ये स्वतःचाच एपीआय बोलावणारा तयार नोड, म्हणजे वर्कफ्लोतली एक कडी, आहे, पण तो वर्कफ्लो, एक्झिक्युशन, क्रेडेन्शियल (साठवलेले पासवर्ड आणि किल्ल्या) आणि ऑडिट एवढ्यापुरताच. व्हेरिएबल बदलायला साधा एचटीटीपी रिक्वेस्ट नोडच घ्यावा लागतो.

बदलण्याची पद्धत तीन टप्प्यांची आहे. गेट, म्हणजे वाचण्याचा कॉल, करून सगळ्या व्हेरिएबल्सची यादी मागवायची. तिच्यात आपल्या नावाचं व्हेरिएबल शोधून त्याचा आयडी घ्यायचा. मग तो आयडी पत्त्याच्या शेवटी लावून पुट, म्हणजे बदलण्याचा कॉल, करायचा. नावाने थेट बदल होत नाही, आयडी लागतोच. यादी एका वेळी १०० ची येते, मागितली तर २५० पर्यंत. त्यापुढची पुढच्या कर्सरवर, म्हणजे उत्तरात आलेल्या पुढच्या पानाच्या खुणेवर. आयडी एकदाच काढून वर्कफ्लोत कायमचा लिहून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा. कुणी ते व्हेरिएबल पुसून त्याच नावाने पुन्हा केलं की आयडी बदलतो. पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसतं आणि तुमचा पुट मात्र ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', खाऊन परत येतो.

पुटच्या मजकुरात नाव आणि किंमत दोन्ही द्यायची असतात. नुसती किंमत पाठवली तर ४००, म्हणजे 'मागणीच चुकीची'. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर त्याहून वाईट होतं: व्हेरिएबलचं नावच बदलतं. कॉल यशस्वी दिसतो, आणि जुन्या नावाने वाचणाऱ्या सगळ्या वर्कफ्लोंच्या हातात काही लागत नाही. म्हणून नाव टाइप करू नका, पहिल्या टप्प्यात आलेल्या यादीतूनच उचलून पुढे द्या. किंमत अवतरण चिन्हांत, मजकूर म्हणूनच जायला हवी. उघडा आकडा पाठवला की पुन्हा ४००. जमलं तर २०४ येतो आणि उत्तर रिकामं असतं. रिकामं उत्तर पाहून बिघडलं असं समजू नका. नोडच्या पर्यायांत पूर्ण प्रतिसाद मागवा, म्हणजे कोड दिसेल, आणि लगेच एक गेट करून नवी किंमत खरंच बसली का ते पाहा. आधीच्या नोडमधून सहा ओळी येत असतील तर हा नोड सहा वेळा पुट करतो, तेव्हा 'एक्झिक्यूट वन्स' चालू ठेवा.

जुन्या आवृत्त्यांत एपीआयला बदलण्याची सोय नव्हती. आधी पुसायचं आणि मग नव्याने करायचं, एवढंच होतं. त्या दोन कॉलच्या मधल्या क्षणात सुरू झालेल्या वर्कफ्लोला व्हेरिएबल सापडतच नसे. इंटरनेटवर फिरणाऱ्या बऱ्याच तयार वर्कफ्लोंमध्ये अजून तीच पद्धत आहे. तुमच्या आवृत्तीत पुट असेल तर ते वर्कफ्लो जसेच्या तसे उचलू नका. स्वतःच्या सर्व्हरवर एपीआयपुढे व्ही-वन आणि डॉक्स असा पत्ता उघडला की तुमच्या आवृत्तीत काय काय चालतं ते तिथेच दिसतं आणि करूनही पाहता येतं.

आता या सोयीतली सर्वांत दुखरी जागा. इथे प्रत्येक किंमत मजकूरच असते. दर १४५०० ठेवला आणि कोटेशनमध्ये त्यात २०० मिळवले तर उत्तर १४७०० येत नाही. दोन्ही मजकूर एकापुढे एक चिकटून १४५००२०० तयार होतो, आणि तो तसाच खरेदीदाराला जातो. 'सौदा बंद' अशा व्हेरिएबलमध्ये फॉल्स लिहिलं तरी कोडमध्ये लिहिलेली अट ते खरंच मानते, कारण रिकामा नसलेला मजकूर जावास्क्रिप्टच्या, म्हणजे एन-एट-एनमध्ये कोड ज्या भाषेत लिहितात तिच्या, लेखी खराच असतो. तिथे थेट 'ट्रू या शब्दाशी बरोबर आहे का' असंच विचारावं लागतं. मेक या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर व्हेरिएबलला आकडा, मजकूर, तारीख, हो-नाही असा प्रकार ठरवून देता येतो. एन-एट-एनमध्ये तसं नसणं ही खरी उणीव आहे.

आपल्याकडे याच्यात आणखी एक भर पडते. दर शीटमध्ये भरणारा मराठी कीबोर्डवर देवनागरी आकडे लिहितो. माणसाला त्यात वावगं काही दिसत नाही, पण जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत आणि ते 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही', देतं. लाखाच्या रकमेतल्या स्वल्पविरामाचंही तेच. नॅनची कुठल्याही आकड्याशी तुलना केली तर मोठा, लहान, समान, तिन्हीची उत्तरं खोटी येतात. म्हणजे 'दर किमान मर्यादेपेक्षा कमी असेल तर थांब' ही अट असूनही वर्कफ्लो थांबत नाही. उपाय पुटच्या आधीच्या कोड नोडमध्ये करा. देवनागरी शून्याचा अक्षरक्रमांक २४०६ आहे, तेव्हा प्रत्येक देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा मिळतो. स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढा, आणि जे उरेल ते आकडाच आहे याची खात्री झाल्यावरच पुढे जाऊ द्या. व्हेरिएबलचं नाव मात्र रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर यांतूनच करावं लागतं, तिथे देवनागरी घेतच नाही.

वाचणाऱ्या बाजूला दोन गोष्टी. व्हेरिएबल सापडलं नाही तरी वर्कफ्लो पडत नाही. किंमत नाही असं मानून तो पुढे जातो, आणि 'आजचा राजापुरी हळदीचा दर क्विंटलला रुपये' एवढंच लिहिलेला मेसेज शेकडो शेतकऱ्यांच्या फोनवर पोचतो. म्हणून मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येक वर्कफ्लोत पहिला नोड तपासणीचा हवा: किंमत आहे का, ती आकडा होते का. होत नसेल तर 'स्टॉप अँड एरर' नोडने तिथेच थांबवा. दुसरं, वर्कफ्लो सुरू होताना ज्या किमती असतात त्यांच्यावरच तो शेवटपर्यंत चालतो. मध्येच पुट केला तरी चालू असलेल्या वर्कफ्लोला नवा दर दिसत नाही. एकाच वर्कफ्लोत वर पुट आणि खाली तेच व्हेरिएबल वाचायचं, असं बसवलं तर खाली जुनाच दर मिळणार. तिथे हातातली नवी किंमत थेट पुढे द्यावी.

शिळ्या दराची भीती रिकाम्या दरापेक्षा जास्त. किल्लीची मुदत संपली, पुट ४०१ घेऊन परत आला, आणि बाकीचे वर्कफ्लो कालचा दर आजचा म्हणून निवांत पाठवत राहिले, असं सहज होतं. तारखेचं वेगळं व्हेरिएबल ठेवलं तर दोन पुट होतात आणि मधल्या क्षणात दर आजचा, तारीख कालची अशी गत होते. त्यापेक्षा दर आणि तारीख एकाच किमतीत जेसन करून, म्हणजे नावासकट मांडलेला एकच मजकूर करून, ठेवा, वाचताना उलगडा आणि तारीख आजची नसेल तर थांबा. किमतीच्या लांबीला मर्यादा आहे, तेव्हा गट्ठा, कणी, राजापुरी अशा दोन-चार प्रतींचे दर एकात मावतील, सगळी दरपत्रिका मावणार नाही.

तारीख तपासताना टाइमझोन बघा. स्वतःच्या सर्व्हरवर एन-एट-एन सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वेळेवर असतं. ते आशिया-कोलकाता केलं नाही तर सकाळी ९ चा मेसेज आपल्याकडे संध्याकाळी ६:३० ला निघतो, तिकडच्या हिवाळ्यात ७:३० ला.

लॉट नंबर किंवा बिल नंबर यात ठेवू नका, कधीच नाही. वाचून एक मिळवून परत लिहायचं म्हटलं तर मध्ये कुठलंही कुलूप नाही. दोन वर्कफ्लो एकाच वेळी ४१ वाचतात, दोघेही ४२ लिहितात, आणि दोन शेतकऱ्यांच्या पट्टीवर एकच लॉट नंबर पडतो. ते काम पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सिक्वेन्सचं, म्हणजे प्रत्येकाला वेगळाच पुढचा नंबर देणाऱ्या सोयीचं, आहे. पासवर्डही यात नकोत, कारण व्हेरिएबल्स उघडी असतात. क्रेडेन्शियल्स एनक्रिप्शन कीने बंद केलेली असतात. त्या कीची प्रत मात्र डेटाबेसच्या बॅकअपबरोबर, आणि गावातल्या पेठेबाहेर ठेवा. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या सांगलीत तळमजल्यावरच्या एकाच पेटीवर भरवसा ठेवणं बरं नव्हे, आणि की गेली तर बॅकअप असूनही एकही क्रेडेन्शियल उघडत नाही.

कम्युनिटी आवृत्तीवरच राहायचं असेल तर 'एनव्ही'मधून, म्हणजे सर्व्हर सुरू करताना दिलेल्या सेटिंग्जमधून, वाचण्याचा जुना मार्ग आहे, पण तिथे प्रत्येक बदलाला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, आणि एन-एट-एनच्या आवृत्ती २ च्या मालिकेत कोड नोडमधून तो मार्ग मुळातच बंद ठेवलेला असतो. लहान आडतीच्या दुकानाला २०२५ मध्ये आलेली डेटा टेबल्स, म्हणजे एन-एट-एनमधलेच तक्ते, जास्त सोयीची. वर्कफ्लोतूनच ओळ बदलता येते, आकड्याचा रकाना आकड्याचाच राहतो, आणि त्यासाठी वेगळं लायसन्स लागत नाही. बेदाण्यासारखे एका दिवसात लॉटगणिक दर बदलणारे सौदे असतील तर पैसे भरलेल्या प्लॅनवरसुद्धा डेटा टेबलच घ्या. हळदीचा दिवसाचा एक दर, हमाली-तोलाईचे आकडे, गोदामाचा पत्ता, मेसेज कुठल्या नंबरवरून जायचा, एवढं व्हेरिएबल्समध्ये ठेवा.