घरच्या एकाच पीसीवर व्हेराक्रिप्ट, आठ महिन्यांचा अनुभव

घरी पीसी एकच आहे, जुना, विंडोज १० होमवाला. त्यावर मी रात्री लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरतो, ही ब्लाऊजच्या डिझाइन जमवते, पोरगं बारावीला म्हणजे अभ्यास कमी गेम जास्त, आणि दुपारी आबा कीर्तन लावून बसतात. माझ्या फोल्डरमध्ये लोकांचे पॅन, आधार, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट. आता एआयएसची (म्हणजे इन्कम टॅक्स खात्याकडं असलेल्या आपल्या कमाई-व्यवहारांच्या यादीची) पीडीएफ उघडायचा पासवर्ड काय, तर पॅन छोट्या अक्षरात आणि पुढे जन्मतारीख, आणि या दोन्ही गोष्टी माझ्या एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लिहिलेल्या. म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून ठेवल्यासारखंच की.

आधी एक फोल्डर लॉकवालं सॉफ्टवेअर पैसे देऊन घेतलं होतं, नाव नाही सांगत. भाचा सुट्टीला आला, त्यानं लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमचा) पेनड्राइव्ह लावून पीसी चालू केला आणि म्हणाला, मामा हे बघ तुझं लॉक. सगळ्या फाइल समोर! ते फक्त फोल्डर लपवत होतं, आतल्या फाइल जशाच्या तशा. मग बघितलं तर विंडोजच्या होम एडिशनमध्ये फोल्डर एन्क्रिप्ट करायचा (म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही असा करायचा) तो चौकोन राखाडीच असतो, क्लिक होत नाही, आणि अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं पूर्ण बिटलॉकर पण प्रो आणि वरच्या एडिशनलाच. तसं बिटलॉकर असतं तरी माझं काम झालं नसतं, कारण त्याचा उपयोग पीसी चोरीला गेला किंवा डिस्क काढून नेली तर. एकदा पीसी चालू झाला की ड्राइव्ह सगळ्या घराला उघडाच.

म्हणून २०२५च्या जूनमध्ये व्हेराक्रिप्ट टाकलं, फाइल पासवर्डमागे एन्क्रिप्ट करून ठेवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि सोर्स कोड सगळ्यांना बघता येतो. हे मुळात ट्रूक्रिप्ट नावाच्या तसल्याच जुन्या सॉफ्टवेअरच्या कोडवरून २०१३ला निघालं, आणि २०१४च्या मे महिन्यात ट्रूक्रिप्टवाल्यांनी अचानक दुकान बंद केलं तेव्हापासून लोक इकडे आले. २०१६ला क्वार्क्सलॅब या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीनं याचं ऑडिट केलं, त्यात आठ गंभीर चुका निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याच १.१९ व्हर्जनला दुरुस्त केल्या. काही जण हे वाचून घाबरतात, माझं उलटं आहे, आम्ही हिशोबातली माणसं, ज्या ऑडिटला एकही ऑब्जेक्शन नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही.

वापर कसा, तर एक कंटेनर फाइल बनवायची, म्हणजे बाकीच्या फाइल आत ठेवायची कुलूपबंद पेटीच, मी ८ जीबीची केली. बनवताना ते माउस वेडावाकडा फिरवायला सांगतं, त्यातून रँडम आकडे घेतं, हिनं मागून बघितलं आणि विचारलं काय खेळताय. नंतर रोज पासवर्ड टाकून ती फाइल माउंट करायची (म्हणजे पेटी उघडायची) की झेड नावाचा नवीन ड्राइव्ह दिसतो, त्यात नेहमीसारखं काम, झालं की अनमाउंट. पासवर्ड टाकल्यावर माझ्या पीसीवर चहाचा एक घोट जातो एवढा वेळ लागतो. आधी वाटलं हँग झालं, पण तो उशीर मुद्दाम ठेवलाय, पासवर्डवर पाच लाख वेळा गणित करतं म्हणे, म्हणजे अंदाजे पासवर्ड मारत बसणाऱ्याचा जीव जावा. एक्सेल, टॅली यांना मात्र काही फरक जाणवत नाही. आणि पासवर्ड विसरलात तर विषय संपला, फरगॉट पासवर्ड वगैरे लाड नाहीत. मी कागदावर लिहून हिच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवलाय.

आता खरं सांगायचं ते हे की दोनदा फजिती झाली आणि दोन्ही वेळा चूक माझीच.

पहिली जुलैमधली. रात्री काम अर्धं टाकून जेवायला उठलो, पोराला पीसी हवा होता, मी स्विच युजर करून दिला. जेवताना आतून आवाज आला, पप्पा हा झेड ड्राइव्ह कसला, यात कुणाकुणाचे पगार दिसतायत! घास घशातच अडकला. मला वाटायचं युजर बदलला की माझं सगळं बंद होतं. तसं नाही, माउंट केलेला ड्राइव्ह लॉगिन असलेल्या सगळ्यांना दिसतो आणि युजर स्विच केल्यानं तो बंद होत नाही, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, वाचतो कोण. आता सेटिंगमध्ये स्क्रीनसेव्हर लागला, पीसी झोपला किंवा दहा मिनिटं काही वाचलं लिहिलं नाही की आपोआप अनमाउंट, असं करून ठेवलंय. एक्सेल उघडं राहिलं तर मात्र ते आपोआप बंद होईलच असं नाही, जबरदस्तीनं बंद करायची वेगळी टिक आहे पण त्यात सेव्ह न केलेलं जाऊ शकतं, म्हणून मी ती ठेवली नाही. उठताना आधी एक्सेल बंद करतो, बस.

दुसरी ऑगस्टच्या शेवटी, ऐन सीझनमध्ये. मी लई शहाणपणा करून कंटेनरला ‘जुनं लग्न’ असं व्हिडिओसारखं नाव दिलं होतं, कुणाला संशय नको. पोराला गेमसाठी जागा पाहिजे होती, त्यानं हे लग्न लावून बघितलं, चाललं नाही, म्हणाला फाइल करप्ट आहे, आणि शिफ्ट दाबून डिलीट! एन्क्रिप्शन फाइल वाचू देत नाही, पण पुसायला कोण अडवतंय, एवढं साधं डोक्यात आलं नव्हतं.

मला टेन्शन नव्हतं कारण कंटेनर क्लाउडच्या सिंक फोल्डरमध्ये (ज्याची कॉपी आपोआप इंटरनेटवर जाते) होता. तिथल्या ट्रॅशमधून काढला, माउंट केला, आणि आत सगळं जूनचं! झालं असं की व्हेराक्रिप्ट कंटेनरच्या फाइलची तारीख मुद्दाम बदलत नाही, तुम्ही आत कधी काम केलं ते बाहेरून कळू नये म्हणून, आणि साइज तर कायम तेवढीच. मग सिंकवाल्याला वाटलं काहीच बदललं नाही, त्यानं पुन्हा अपलोड केलंच नाही. तारीख न बदलायची ती टिक प्रेफरन्सेसमध्ये आहे, क्लाउडमध्ये ठेवणार असाल तर आधी काढा. मला वाचवलं ते १५ ऑगस्टला सुट्टी म्हणून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हातानं केलेल्या कॉपीनं. तरी दोन आठवड्यांचं काम गेलं, अकरा जणांना फोन करून फॉर्म १६ परत मागवले, एक मास्तर तर म्हणाले, तुझ्याकडेच दिला होता ना रे. त्या वर्षी मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती आणि शेवटी आणखी एक दिवस वाढली, म्हणून इज्जत राहिली.

एक धाकधूक अजून आहे. पीसीतच व्हायरस बसला आणि कीबोर्डवर टाइप केलेलं चोरू लागला तर पासवर्डही जाणार, तिथं व्हेराक्रिप्ट काही करू शकत नाही. पोरगं गेमचे मोड कुठून कुठून उतरवतं देव जाणे. म्हणून त्याचं अकाउंट ॲडमिनचं काढून स्टँडर्ड केलं (दोन दिवस बोलला नाही) आणि कंटेनर माझ्या युजरच्या फोल्डरमध्ये हलवला, आता त्याच्या लॉगिनमधून तो दिसतही नाही, पुसणं लांबच. विंडोज १०चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, नवीन पीसी घ्यायचाय, पैसे जमले की बघू.

तर पाचपैकी चार स्टार. एक कापला तो इंग्रजी स्क्रीन आणि ढीगभर ऑप्शनसाठी, आबांसारख्या माणसाला हे जमणार नाही. लग्नाचं नाव काढून टाकलं, आता कंटेनरचं नाव सरळ ‘पप्पांचं काम, डिलीट करू नये’ असं आहे.