नायट्रस: दोन स्टेज की प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर?

ड्रॅग रेसिंगमध्ये (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीत) नायट्रस, म्हणजे जादा ताकदीसाठी इंजिनात पेट्रोलसोबत सोडायचा नायट्रस ऑक्साइड वायू, दीडशे हॉर्सपॉवरच्या पुढे न्यायचं ठरलं की अडचण इंजिनापेक्षा मागच्या टायरांची होते. अडीचशेचा सगळा डोस सुटतानाच दिला तर टायर पहिल्या ६० फुटांत जागीच फिरतात आणि तो रन तिथेच संपतो. म्हणून ताकद टप्प्याटप्प्याने सोडायची. त्याचे दोन मार्ग, दोन स्टेज आणि प्रोग्रेसिव्ह कंट्रोलर, मी एकाच गाडीवर वापरले आहेत: कार्ब्युरेटरवरची स्मॉल ब्लॉक शेव्ही (शेव्हर्लेचं लहान व्ही-८ इंजिन), ट्रॅक बहुतेक वेळा पेनसिल्व्हेनियातला मेपल ग्रोव्ह. न्यू जर्सीत एंगलिशटाउनचं ड्रॅग रेसिंग २०१८ मध्ये थांबलं, तेव्हापासून आमच्यापैकी बरेच जण मेपल ग्रोव्हलाच जातात.

दोन स्टेज म्हणजे खरं तर दोन स्वतंत्र सिस्टीम, बाटली तेवढी सामाईक. माझ्याकडे पहिली स्टेज कार्ब्युरेटरखालच्या प्लेटमधून १५० देते, सुटतानाच. दुसरी १०० ची, इनटेक रनरमधल्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) नोझलमधून, गाडी पकड घेऊन धावायला लागल्यावर टायमरने उघडते. प्रत्येक स्टेजला नायट्रसचा आणि पेट्रोलचा आपापला सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), आपापले जेट (प्रवाह किती ते ठरवणारी छिद्रं). इग्निशनचं टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) दोनदा मागे घ्यावं लागतं. दर ५० हॉर्सपॉवरला २ अंश हा जुना ठोकताळा धरला तर आधी ६, मग आणखी ४.

प्रोग्रेसिव्हमध्ये सोलेनॉइडची जोडी एकच. कंट्रोलर ती सेकंदाला अनेकदा उघडझाप करतो. ३० टक्क्यांपासून सुरुवात करून दोनेक सेकंदांत १०० पर्यंत चढवतो. सोय मोठी आहे, यात वाद नाही. संध्याकाळी ट्रॅक थंडावून पकड बदलली की फक्त आकडा बदलायचा. दोन स्टेजमध्ये तेच काम तापलेल्या इंजिनावर वाकून, पाना घेऊन, जेट बदलत करावं लागतं. वायरिंग आणि पायपिंगही जवळपास दुप्पट. शिवाय दुसरी स्टेज लागते तेव्हा धक्का बसतो; अरुंद रेडियल टायरवर तेवढ्यानेही पकड सुटू शकते. तुमचे टायर तसे असतील तर प्रोग्रेसिव्हचं पारडं जड आहे, हे मान्य.

तरीही मी प्रोग्रेसिव्ह काढला, तो स्पार्क प्लगमुळे. रननंतर मी प्लग काढून भिंगाखाली बघतो. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतंय का, टायमिंग जास्त आहे का, हे प्लगइतकं खात्रीने मला दुसरं कशातूनही कळलेलं नाही. प्रोग्रेसिव्हवर एका प्लगच्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले, म्हणजे पिस्टन सोलायला लागला होता. पण हे चढाच्या कुठल्या टप्प्यावर झालं? प्लगवर सगळ्या टक्क्यांची छाप एकावर एक पडलेली. पूर्ण १०० टक्क्यांवर तपासलं तर मिश्रण ठीक होतं. माझा संशय खालच्या टक्क्यांवर आहे. नायट्रसचा सोलेनॉइड ९०० पीएसआयहून जास्त दाबाविरुद्ध उघडतो, पेट्रोलचा जेमतेम ६ पीएसआयविरुद्ध. इतक्या जलद उघडझापीत दोघं सारख्याच वेळेत उघडतील याचा भरवसा नाही, आणि तिथे प्रमाण बिघडतं. एक्झॉस्टमधल्या सेन्सरने ते पकडता येईल असं काही जण सांगतात. दोन सेकंदांच्या चढात त्याचा आकडा मला विश्वासाचा वाटला नाही. इंधन इंजेक्शनवाल्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

दोन स्टेजमध्ये सोलेनॉइड एकदा उघडला की उघडाच राहतो. आधी फक्त पहिल्या स्टेजवर पूर्ण रन मारायचा, शेवटाला इंजिन बंद करून गाडी तशीच घरंगळू द्यायची, प्लग बघायचे. ते पटले की दुसरी जोडायची. यानंतर काही बिघडलं तर ते दुसऱ्या स्टेजमुळेच. बाटलीचा दाब रन संपताना उतरतो, पण पेट्रोलचा दाब कायम असल्यामुळे मिश्रण रिचकडे (पेट्रोल जास्त) झुकतं. थोडा वेग जातो, पिस्टन वाचतो.

उघडझापीने सोलेनॉइडचे सीलही माझ्याकडे लवकर झिजत होते, पण तेवढ्यासाठी मी सिस्टीम बदलली नसती.

दोन स्टेज घेणार असाल तर दुसऱ्या स्टेजच्या रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला) वीज पहिल्या स्टेजच्या सर्किटमधूनच द्या, म्हणजे पहिली चालू नसताना दुसरी लागणारच नाही. आणि बाटलीपासूनची मुख्य लाइन दोन्ही स्टेजचा मिळून प्रवाह धरून घ्या, पहिलीपुरती नको.