नेब्युलायझर मशीन, सात महिने वापरून : मशीनला तीन स्टार, साडेतीनशेच्या स्पेसरला पाच

आधी सांगतो, हा रिव्ह्यू दम्याच्या पेशंटचा नाही. (स्पेसर म्हणजे इन्हेलरला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं, त्याचं शेवटी लिहिलंय.) आमच्या दादाचा दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी विहिरीत सूर मारताना मणका गेला, मानेतला, पाचव्या नंबरचा. पाणी कमी होतं, अंदाज चुकला. आता हात कोपरात वाकतो पण पंजात जोर नाही, पाय नाहीच. हे सगळं लोकांना दिसतं, पण श्वासाचं कोणाला दिसत नाही. दादा बोलता बोलता थांबतो, छातीत घरघर वाजते, खोकतो पण खोकल्याला जोरच नसतो, बेडका गळ्याशी येऊन परत खाली जातो.

तर मशीन. कंप्रेसरवालं, ऑनलाईन सोळाशे पन्नासला घेतलं, कंपनीचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रारी आहेत. गावात सगळे याला वाफेचं मशीन म्हणतात पण यात वाफबिफ काही नाही, मोटर हवा दाबते, ती नळीतून कपात येते आणि औषधाचं बारीक धुकं होतं, गार असतं. आवाज म्हणाल तर पिठाच्या गिरणीचा लहान भाऊ. पहिल्या दिवशी वहिनीने खाटेवर ठेवून चालू केलं तर थरथरत सरकत सरकत गादीत घुसलं, हवा आत घ्यायची जाळी झाकली गेली आणि पाच मिनिटात तापलं. फरशीवर किंवा पाटावर ठेवा.

दुसरी गंमत अशी की पुस्तिकेत लिहिलंय 40 अंशापर्यंतच वापरा, आणि आम्ही अमळनेर तालुक्यातले, मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या घरात 40 म्हणजे थंडी. दोनदा मध्येच बंद पडलं. कस्टमर केअरची मुलगी म्हणे सर एसी रूममध्ये वापरा 😀 तेव्हापासून उन्हाळ्यात पहाटे आणि रात्रीच चालवतो. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर चालतं, तेवढं बरंय.

मास्कचं मात्र नीट वाचा. किटमध्ये जो मास्क आला तो नाकावर बसतच नव्हता, वरच्या बाजूने धुकं सरळ डोळ्यात. एक दिवस सकाळी बघतो तर दादाच्या डाव्या डोळ्याची बाहुली ही मोठी आणि उजवी लहान. घरात रडारड सुरू, डोक्यात काहीतरी झालं म्हणून गाडी काढली, धुळ्याला पोचलो तर डॉक्टरांनी पहिलं विचारलं, मास्क लावता का? औषधात इप्राट्रोपियम होतं, ते डोळ्यात गेलं की बाहुली मोठी होते, साधारण एक-दोन दिवसांत आपोआप उतरते. ज्यांना काचबिंदू आहे त्यांना हे जास्त धोक्याचं. तेव्हापासून मास्क फेकला आणि तोंडात धरायची नळी लावली. दादाला धरता येत नाही म्हणून वहिनी धरते, दहा मिनिटं.

आता खरं सांगायचं ते. आम्ही मशीन आधी घेतलं आणि टेस्ट नंतर केली, हे उलटं झालं. गावच्या मेडिकलवाल्याने शेजारच्या आबांना चालतं तेच औषध दिलं होतं, आणि आम्ही दिवसातून तीनदा देत होतो, कधी फरक वाटायचा कधी नाही. मग धुळ्याच्या छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट सांगितली. आदल्या रात्रीपासून औषध बंद, आधी तीनदा फुंकायचं, मग साल्बुटामॉलचे (श्वासाच्या नळ्या सैल करणारं औषध) चार पफ, पंधरा-वीस मिनिटं थांबून परत तीनदा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते बघतात. दादाचं 1.62 लिटर होतं ते 1.90 झालं. 12 टक्के आणि 200 मिली, दोन्ही वाढलं तर औषध लागू पडतं असं धरतात, दादाचं 280 मिली आणि 17 टक्के. वाढलं नसतं तर मी मशीन विकून टाकलं असतं.

मी विचारलं, साहेब याला दमा नाही, बिडी नाही, मग नळ्या आवळल्या कशा? त्यांनी पॅडवर काढून दाखवलं. श्वासाच्या नळ्या सैल ठेवणारा हुकूम मणक्यातून छातीच्या वरच्या भागातून निघतो, तो मानेत तुटला. आवळणारा हुकूम वेगळ्या नसेतून, मेंदूतून थेट खाली येतो, मणक्यातून जातच नाही, म्हणून तो शाबूत. एका बैलाचा दोर तुटला की गाडी एकीकडे ओढली जाणार, तसं. इप्राट्रोपियम त्या आवळणाऱ्यालाच अडवतं. अमेरिकेत ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात 1990 च्या दशकातच मान मोडलेल्या पेशंटवर हे करून बघितलंय, जवळपास निम्म्यांच्या नळ्या मोकळ्या झाल्या. म्हणजे निम्म्यांच्या नाही झाल्या, हेही लक्षात ठेवा. शिवाय या औषधाने कफ घट्ट होऊ शकतो म्हणून आम्हाला ते रोज नाही, घरघर वाढली तरच. साल्बुटामॉलने हात थरथरतात आणि छाती धडधडते, ते एक.

टेस्टच्या वेळी अजून एक कळलं. आम्ही दम लागला की दादाला उशा लावून बसवायचो, दम्याच्या माणसाला बसवतात तसं. पण याचं उलटं आहे, आडवं झोपल्यावर जास्त हवा येते, कारण बसलं की पोट पुढे लोंबतं आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला वर जायला आधार राहत नाही. व्हीलचेअरवर बसवताना पोटाला पट्टा बांधतो आता. हे दीड वर्ष कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मशीन बेडका काढत नाही, हे लिहून ठेवा. नळी मोकळी होते, काढायचा तो आपल्यालाच काढावा लागतो. फिजिओने शिकवलं तसं औषध झाल्यावर पंधरा मिनिटांनी दादाला आडवं करायचं, बेंबीच्या वर तळहात ठेवायचा, तो खोकायला लागला की आत आणि वर एकदम दाबायचं. जेवणानंतर लगेच नाही, एकदा केलं तर कळण्याची भाकरी अंगावर आली. पहिल्यांदा नीट जमलं त्या दिवशी पिवळा गोळा निघाला आणि दादा म्हणे, "आते बरं वाटस भो."

स्पेसरला पाच स्टार का, तर रोजचं काम आता त्याच्यावरच होतं. इन्हेलर दादाच्या बोटांनी दाबला जात नाही, आणि कॅप्सूलच्या पावडरवाल्याला आत ओढायचा जोर लागतो, तो नाही. स्पेसरमध्ये वहिनी एक पफ दाबते, दादा सावकाश पाच श्वास घेतो, मग दुसरा. लाईट नको, आवाज नको, लग्नाला गेलो तरी पिशवीत. फक्त धुतल्यावर फडक्याने पुसू नका, पुसलं की औषध आतल्या प्लास्टिकला चिकटून राहतं, साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळू द्या.

मशीन ठेवलंय, पावसाळ्यात सर्दी झाली की सलाईनचं धुकं द्यायला लागतं. कप आणि नळी वेगळी विकत मिळते, धुकं कमी झालं म्हणून अख्खं मशीन बदलू नका, मी ते करणारच होतो. कप बदलला, चालू झालं.