दोन हजारांची कुपनं, दसरा ते अक्षय्य तृतीया: माझा वापरानंतरचा अनुभव

दसऱ्याला, 12 ऑक्टोबर 2024 ला, आम्ही नाशिकमधल्या एका मोठ्या साखळी दुकानातून घरच्या सगळ्यांचे कपडे घेतले. बाहेर भलामोठा फ्लेक्स होता, मराठीत: पाच हजारांच्या खरेदीवर दोन हजारांची व्हाउचर मोफत. बिल झालं 5,380 रुपये. काउंटरवरच्या मुलीने आठ कुपनांची एक लांबट पट्टी मशीनमधून काढून दिली. प्रत्येक कुपन 250 चं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर महिन्याला दोन, एक पहिल्या पंधरवड्याचं आणि एक दुसऱ्या. त्या आठही कुपनांचं पुढे काय झालं, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.

घरी आल्यावर मागचा मजकूर वाचला. सगळा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. एका बिलावर एकच कुपन. किमान खरेदी 1,500 रुपये. सेलच्या मालावर चालणार नाही. फक्त सोमवार ते शुक्रवार. मूळ कागद दाखवायलाच हवा, हरवला तर दुसरा मिळणार नाही. फ्लेक्सवर यातलं एक अक्षरही मराठीत नव्हतं, कोपऱ्यात फक्त 'अटी लागू'.

मी तेव्हाच हिशेब मांडला. आठ कुपनं वापरायची तर आणखी 12,000 ची खरेदी करायची. म्हणजे आधीचे पाच हजार धरून 17,000 च्या खरेदीवर 2,000 ची सूट, टक्केवारीत पावणेबारा. वाईट नाही. पण 'दोन हजार मोफत' वाचून डोळ्यांसमोर जे येतं, त्याच्या जवळपासही नाही. कुपनावरची रक्कम बघू नका, किमान खरेदीने भागून बघा, हे मी तेव्हापासून शेजारणींनाही सांगते.

नोव्हेंबरची दोन्ही कुपनं नीट चालली. भाच्याचं बारसं होतं, खरेदी करायचीच होती. 500 रुपये खरोखर वाचले.

डिसेंबरचं पहिलं कुपन मी आईला दिलं. ती पंचवटीत राहते. नातवाला स्वेटर घ्यायचा होता, इथली थंडी तर सगळ्यांना माहीतच आहे. कुपनावर छापलं होतं, 1 ते 15 डिसेंबर. तिने ते कपाटात साडीच्या घडीत जपून ठेवलं आणि 14 तारखेला, शनिवारी, निमाणीवरून बसने गेली. स्वेटर आणि एक शाल घेतली, 1,640 रुपये. काउंटरवरच्या मुलाने कुपन उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, हे शनिवार-रविवार चालत नाही." आई म्हणाली, "अरे, पंधरापर्यंत लिहिलंय की." त्याने मागची बारीक ओळ दाखवली. आईला इंग्रजी वाचता येत नाही. मागे रांग वाढत होती. तिने पूर्ण पैसे दिले आणि घरी येऊन मला फोन केला. कुपनाबद्दल काही बोलली नाही, एवढंच म्हणाली, "मी नीट विचारायला हवं होतं." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. तिने विचारायचं कशाला? 15 डिसेंबरला रविवार होता. वीकेंडला चालणारच नाही असं कुपन, आणि त्यावर शेवटची तारीख रविवारची! खरी शेवटची तारीख 13 होती, तीच छापायला हवी होती. त्या मुलाचा दोष नाही, त्याने नियम सांगितला आणि नीट बोलला.

डिसेंबरचं दुसरं कुपन ख्रिसमसच्या आठवड्यात घेऊन गेले तर दुकानभर हंगाम संपल्याचा सेल. हव्या त्या प्रत्येक कपड्यावर लाल स्टिकर, आणि सेलच्या मालावर कुपन नाही. जानेवारीभर तीच गत. कपड्यांच्या दुकानात दर वर्षी डिसेंबरअखेर ते जानेवारी हा सेल असतोच, हे छापणाऱ्यांना माहीत असणारच. तरी आठपैकी तीन कुपनं त्याच काळातली होती.

जानेवारीचं पहिलं कुपन तर मशीनने वाचलंच नाही. ही कुपनं थर्मल कागदावर छापलेली असतात, उष्णतेने किंवा प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की अक्षरं उडतात. मी जपायचं म्हणून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवली होती. बारकोडच्या जागी फिकट राखाडी पट्टा उरला होता. मोबाइलमधला फोटो दाखवला, तो चालेना, मूळ कागदच हवा. दुसऱ्या पंधरवड्यात टॉवेल, बनियन असं सेलमध्ये नसलेलं गोळा केलं, तरी 1,500 होईनात. शेवटी गरज नसलेली 540 ची चादर उचलली. 250 वाचवायला 540 घातले. ती चादर अजून घडीतच आहे.

फेब्रुवारीत नवा माल आला, पहिलं कुपन चाललं. दुसऱ्याची गंमत वेगळीच झाली. 1,720 ची खरेदी, कुपन वजा जाऊन 1,470 भरले. त्यातला 640 चा कुर्ता खांद्यात आवळत होता म्हणून 20 तारखेला परत केला. उरलेली खरेदी 1,080, म्हणजे 1,500 च्या खाली. त्यामुळे सूट मागे घेतली गेली आणि हातात क्रेडिट नोट आली 390 ची, मुदत 90 दिवस. कुपन परत मिळालं नाही. हे कुपनाच्या मागेसुद्धा छापलेलं नव्हतं. कुपन लावून घेतलेलं काही परत करणार असाल, तर परत करण्याआधी काउंटरवर आकडा विचारून घ्या.

एकूण आठपैकी चार कुपनांचा फायदा झाला, 1,000 रुपये. त्यातून ती चादर वजा करा.

याच दिवाळीत ऑफिसने एका बँकेचं गिफ्ट कार्डही दिलं होतं. त्यावर एक वर्षाची मुदत होती आणि ते निवांत वापरलं. पैसे भरून घेतलेली अशी कार्डं रिझर्व्ह बँकेच्या 27 ऑगस्ट 2021 च्या निर्देशांखाली येतात: किमान एक वर्ष मुदत, गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम 10,000. दुकानाने फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारं कार्ड किंवा कुपन दिलं तर त्याला हे लागू होत नाही. तिथे मुदत दुकान ठरवतं. दिसायला दोन्ही सारखीच, म्हणून फरक सांगितला.

पण जाहिरातीला नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 9 जून 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा, आणि तो ठळक दिसायला हवा. फ्लेक्स मराठी आणि अटी इंग्रजी, हे मला यात बसत नाही असं वाटतं. हेच लिहून मी दुकानाला मेल केला. उत्तर आलं की अटी कुपनावर छापलेल्या आहेत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करून तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. अडीचशे रुपयांसाठी कशाला, असं घरी सगळे म्हणाले. मला अडीचशे नको होते. पुढच्या फ्लेक्सवर वार आणि किमान खरेदी मराठीत यावी, एवढंच हवं होतं.

अक्षय्य तृतीयेला, 30 एप्रिलला, मुदतीच्या तीन आठवडे आधी क्रेडिट नोट वापरली. फेब्रुवारीतच नाक्यावर तिची झेरॉक्स काढून ठेवली होती, पण मूळ कागदावरची अक्षरं टिकली होती. त्या खरेदीवर पुन्हा कुपनं मिळाली, चार, मे आणि जूनची. मागच्या अटी तशाच इंग्रजीत. काउंटरवरच्या मुलीकडून लाल पेन मागून घेतलं आणि तिथेच उभं राहून प्रत्येक कुपनावर मराठीत मोठ्या अक्षरांत वार, तारीख आणि किमान खरेदी लिहिली. 15 जूनला पुन्हा रविवार येत होता. तिथे 15 खोडून 13 लिहिलं, शुक्रवार. ते कुपन आईला दिलं.