दैनिकाचे शहर पान: अटकेपर्यंत चोख, त्यापुढे कोरे

पुण्यात कोयता आणि गावठी पिस्तूल यांच्या बातम्या आता नित्याच्या झाल्या असून, त्या ज्या रूपात हाती पडतात त्यावर घरातल्या माणसांची धास्ती बरीचशी ठरते. म्हणूनच आमच्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या दैनिकाच्या शहर पानाविषयी आणि त्याच्या अॅपविषयी वर्गणीदार या नात्याने लिहीत आहे.

मोठ्या घटनांचे वार्तांकन उत्तम असते. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळचा भरदिवसा गोळ्या झाडून खून झाला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला नाना पेठेत माजी नगरसेवक वनराज आंदेकर यांची हत्या झाली, तेव्हा या पानाने अफवांना थारा न देता जुन्या वैराची पार्श्वभूमी नीट उलगडून सांगितली. गावठी पिस्तुलांचा माग काढत मध्य प्रदेशातील उमर्टी गावापर्यंत जाणारे वृत्तही वाचनीय होते.

रोजच्या लहान बातम्यांत मात्र पोलिसांचे प्रसिद्धिपत्रकच जवळपास जसेच्या तसे उतरते. ‘खबऱ्यामार्फत माहिती मिळाली, सापळा रचला, पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त’ एवढा मजकूर, टेबलावर मांडलेली हत्यारे आणि मागे ओळीने उभे असलेले अधिकारी, की बातमी संपते. त्या आरोपीचे पुढे काय झाले, हे वाचकाला कधीच कळत नाही. वास्तविक खरी गुंतागुंत तेथूनच सुरू होते. बेकायदा अग्निशस्त्र बाळगल्याचा खटला चालवण्यासाठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. कोयत्याचे प्रकरण आणखी नाजूक आहे, कारण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे नियमांच्या कक्षेत येत असली, तरी घरकाम वा शेतीसाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत, आणि कोयता तर ऊसतोडीचे व शहाळी सोलण्याचे रोजचे अवजार आहे. न्यायालयात हा मुद्दा कसा मांडला जातो, हे समजावून देणारा एकही लेख या पानावर माझ्या वाचनात आलेला नाही.

अॅपचा अनुभव त्याहून निराशाजनक आहे. सीसीटीव्हीतील हल्ल्याचे दृश्य लाल वर्तुळ काढून, भडक पार्श्वसंगीतासह पुन्हा पुन्हा दाखवले जाते आणि जखमी माणसाच्या नातेवाइकांचा विचार कोणी करत नाही. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत तरुणीवर झालेला कोयत्याचा हल्ला, वाहनांची तोडफोड करणारी मुले आणि टोळीयुद्ध हे सारे ‘कोयता गँग’ या एकाच शीर्षकाखाली दिसते. त्यामुळे कारणे वेगळी असलेल्या घटना एकाच कटाचा भाग भासतात. ज्या तरुणांनी त्या मुलीला जिवावर उदार होऊन वाचवले, त्यांची बातमी शोधायलाही खूप खाली जावे लागते. अल्पवयीन मुलांचे चेहरे तर काही चित्रफितींत स्पष्ट ओळखू येतात. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ अशी ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि संपादकांनी यात तत्काळ लक्ष घालायला हवे.

छापील अंकाला पाचपैकी साडेतीन, अॅपला दीड. वर्गणी चालू ठेवली आहे. गुन्हेवृत्ताच्या सूचना मात्र बंद केल्या असून, मुलांच्या हाती फोन देणाऱ्या पालकांनीही त्या बंद कराव्यात.